बिझनेस क्लास लाउंज: तिकिटापासून गेटपर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

बिझनेस क्लासने पहिल्यांदा प्रवास करून आलेली माणसं हमखास तीनपैकी एक तक्रार सांगतात. एक तर दारावर अडवलेलं असतं. नाहीतर आत गेल्यावर आंघोळीचा नंबरच लागलेला नसतो. नाहीतर शेवटी धापा टाकत गेट गाठावं लागलेलं असतं. तिन्हींचं कारण एकच. लाउंजचा विचार लाउंजच्या दारात पोहोचल्यावर सुरू होतो. तो तिकीट काढताना सुरू व्हायला हवा, आणि वेळेचा हिशोब विमान सुटण्यापासून मागे मोजत यायला हवा.

खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. पहिल्या आणि पाचव्या टप्प्यावर जास्त वेळ घालवा, बहुतेक चुका तिथेच होतात.

## अपेक्षा आधी जुळवून घ्या

लाउंज म्हणजे बसायला शांत जागा, खाणंपिणं, वायफाय, स्वच्छ स्वच्छतागृहं, बऱ्याच ठिकाणी शॉवर आणि तिकिटाची अडचण सोडवू शकणारे कर्मचारी. झोपायची स्वतंत्र खोली सहसा नसते. गर्दीच्या वेळी खुर्ची शोधावी लागते.

एकाच कंपनीचे लाउंजही सगळीकडे सारखे नसतात. कंपनीच्या मुख्य विमानतळावर तिचा स्वतःचा भलामोठा लाउंज असतो. कतार एअरवेजचा दोह्यातला ‘अल मुर्जान’ पाहिलात तर एवढ्या जागेत हरवायला होतं. त्याच कंपनीने परतीच्या प्रवासात एखाद्या छोट्या विमानतळावरून निघालात, तर दहा कंपन्यांच्या प्रवाशांसाठी मिळून असलेला एकच लाउंज वाट्याला येतो. तिथे शॉवर नसू शकतो आणि जेवण म्हणजे सँडविच आणि सूप एवढंच असू शकतं. जाताना जे मिळालं ते येतानाही मिळेल असं गृहीत धरून उपाशीपोटी निघू नका.

## टप्पा १: तिकिटात लाउंज आहे का, ते शब्दशः तपासा

‘बिझनेस’ हा शब्द दिसला की लाउंज आलाच, हा समज आता जुना झाला. बऱ्याच कंपन्या बिझनेस क्लासचंच एक स्वस्त तिकीट विकतात. विमानातली खुर्ची तीच असते, पण बाकीच्या सोयी काढून घेतलेल्या असतात. कतार एअरवेजचं ‘बिझनेस लाइट’, फिनएअरचं ‘बिझनेस लाइट’ आणि एमिरेट्सचं ‘स्पेशल’ दर्जाचं बिझनेस तिकीट ही याची उदाहरणं. या तिकिटांत लाउंज धरलेला नसतो.

माझ्या आईच्या बाबतीत नेमकं हेच झालं. काउंटरवरच्या मुलीने बोर्डिंग पास यंत्राखाली धरला, बारीक लाल दिवा लागला. तिने पुन्हा धरला, पुन्हा लाल. मग तिने संगणकाचा पडदा किंचित आमच्याकडे वळवून तिकिटाच्या प्रकारावर बोट ठेवलं. पासवर मोठ्या अक्षरांत ‘बिझनेस’ छापलेलं होतं आणि आई ते अक्षर पुन्हा पुन्हा दाखवत होती. गुडघेदुखी असलेल्या बाईला पुढचे तीन तास गेटजवळच्या लोखंडी खुर्चीवर काढावे लागले. तिकीट काढताना मी अटींचं पान उघडलं असतं, तर हे टळलं असतं.

आणखी चार गोष्टी पाहा:

- अपग्रेड. बोली लावून, पॉइंट्स वापरून किंवा विमानतळावर पैसे भरून बिझनेसची खुर्ची मिळवली असेल, तर काही कंपन्या लाउंजचा हक्क मूळ तिकिटाप्रमाणेच ठेवतात. अपग्रेडचे पैसे भरण्याआधी हे विचारा.
- विमान कोण चालवतंय. तिकीट एका कंपनीच्या क्रमांकाचं आणि विमान दुसऱ्याच कंपनीचं, असं सर्रास होतं. लाउंज साधारणपणे विमान चालवणाऱ्या कंपनीवरून ठरतो.
- सगळ्या टप्प्यांचा वर्ग. मोठा प्रवास बिझनेसने आणि जोडविमान इकॉनॉमीने असेल, तर पहिल्या विमानतळावर लाउंज मिळेल की नाही हे कंपनीनुसार बदलतं.
- अमेरिकेतला देशांतर्गत प्रवास. अमेरिकन, डेल्टा आणि युनायटेड या कंपन्यांच्या देशांतर्गत फर्स्ट क्लासच्या तिकिटावर एरवी लाउंज मिळत नाही. तिथे लाउंजचं सभासदत्व ही वेगळी बाब आहे.

तपासा: तिकिटाच्या अटींमध्ये ‘लाउंज’ हा शब्द सापडला का? सापडला असेल तर त्या पानाचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा. सापडला नसेल तर कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर मागवा. फोनवरच्या ‘हो, मिळेल’ला दारावर काही किंमत नसते.

## टप्पा २: सोबत कोण येऊ शकतं

सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो, कारण अडतो तो सोबतचा माणूस.

स्टार अलायन्स, वनवर्ल्ड आणि स्कायटीम हे विमान कंपन्यांचे तीन मोठे गट आहेत. या गटांच्या नियमात बिझनेस क्लासचं तिकीट एका माणसाला आत नेतं, ज्याच्या नावाचं ते आहे त्यालाच. पाहुणा नेण्याची मुभा वरच्या दर्जाच्या फ्रीक्वेंट फ्लायर कार्डावर (कंपनी आपल्या नेहमीच्या प्रवाशांना देते ते कार्ड) असते: स्टार अलायन्समध्ये ‘गोल्ड’, वनवर्ल्डमध्ये ‘सफायर’ आणि ‘एमराल्ड’, स्कायटीममध्ये ‘एलिट प्लस’. या कार्डांवर एक पाहुणा नेता येतो आणि तोही त्याच दिवशी त्या गटाच्या विमानाने निघणारा असावा लागतो. निरोप द्यायला आलेल्या माणसाचा प्रश्नच येत नाही, तो सुरक्षा तपासणीच्या अलीकडेच थांबतो.

म्हणजे नवरा बिझनेसमध्ये आणि बायको इकॉनॉमीत असेल, तर नवऱ्याच्या नुसत्या तिकिटावर दोघं आत जाऊ शकत नाहीत. प्रवास करणाऱ्या दोघांपैकी कुणाकडे गोल्ड कार्ड असेल तर ते चेक-इनच्या वेळीच बुकिंगला जोडून घ्या, म्हणजे बोर्डिंग पासवर दर्जा छापून येतो.

कार्ड कधी कधी तिकिटापेक्षा वरचढ ठरतं. लुफ्तान्साच्या मोठ्या विमानतळांवर बिझनेसच्या प्रवाशांसाठी ‘बिझनेस लाउंज’ असतो, तर स्टार गोल्डवाल्यांसाठी ‘सेनेटर लाउंज’, आणि सेनेटर हा वरचा. दोन्ही हातात असतील तर दारावर कार्ड दाखवा.

प्रायॉरिटी पाससारखी सभासदत्वं किंवा बँकेच्या कार्डावर मिळणारा प्रवेश ही वेगळीच व्यवस्था आहे. विमान कंपन्यांच्या स्वतःच्या बिझनेस लाउंजपैकी बहुतेकांमध्ये ती चालत नाही. जिथे चालते तिथेही गर्दी झाली की आधी याच लोकांना थांबवतात.

मुलांच्या वयाची अट लाउंजनुसार बदलते. लहान मूल बरोबर असेल तर ती आधी वाचा.

## टप्पा ३: लाउंज नेमका कुठे आहे

पत्ता शोधताना ‘टर्मिनल २’ एवढ्यावर थांबू नका. तीन प्रश्न विचारा: सुरक्षा तपासणीच्या अलीकडे की पलीकडे? पासपोर्ट तपासणीच्या अलीकडे की पलीकडे? आणि माझं गेट कोणत्या बाजूला?

दुसरा प्रश्न युरोपात फार महत्त्वाचा. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर केएलएम या डच कंपनीचे दोन क्राउन लाउंज आहेत. २५ क्रमांकाचा शेंगेन देशांत (युरोपातले आपसात पासपोर्ट तपासणी नसलेले देश) जाणाऱ्यांसाठी आणि ५२ क्रमांकाचा शेंगेनबाहेर जाणाऱ्यांसाठी. समजा तुम्ही युरोपबाहेरून स्किपोलला उतरलात आणि पुढे शेंगेनमधल्याच एखाद्या शहरात जायचंय. उतरल्यावर ५२ जवळ दिसतो, म्हणून माणूस तिकडे वळतो. पण तुमच्या आणि पुढच्या गेटच्या मध्ये पासपोर्टची रांग आहे, आणि ती दहा मिनिटांची असेल की पन्नास मिनिटांची, हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून आधी रांग पार करा, मग २५ मध्ये जाऊन निवांत बसा.

हाच नियम जगात कुठेही लावा: जेवढे अडथळे आहेत तेवढे आधी पार करायचे आणि गेटच्या बाजूचा लाउंज धरायचा. तो छोटा असला, जुना असला तरी.

दुबईच्या टर्मिनल ३ मध्ये एमिरेट्सचे बिझनेस लाउंज वेगवेगळ्या कॉन्कोर्समध्ये, म्हणजे टर्मिनलमधल्या गेटांच्या वेगवेगळ्या विभागांत आहेत. तिथेही आपलं विमान ज्या कॉन्कोर्समधून सुटणार तिथलाच लाउंज सोयीचा. कॉन्कोर्स ए मध्ये तर लाउंजमधूनच थेट विमानात चढायची सोय आहे.

खबरदारी: लाउंज चोवीस तास उघडा असेलच असं नाही. पहाटेचं किंवा मध्यरात्रीनंतरचं विमान असेल तर उघडण्या-बंद होण्याची वेळ पाहून ठेवा.

## टप्पा ४: हातातली बॅग

मोठी बॅग एकदा पट्ट्यावरून गेली की गेली. लाउंजमध्ये लागणारं सगळं हातातल्या बॅगेत हवं आणि तेही वरच्या कप्प्यात:

- कपड्यांचा एक जोड, एका पिशवीत एकत्र बांधलेला. ओल्या कपड्यांसाठी रिकामी पिशवी.
- चार्जर आणि त्या देशाच्या सॉकेटला बसेल असा प्लग अडॅप्टर.
- इअरफोन. मोठ्या आवाजात व्हिडिओ लावलात तर शेजारचा माणूस तक्रार करतो, आणि ती रास्त असते.
- रोजची औषधं आणि रिकामी पाण्याची बाटली.

टॉवेल, साबण, शॅम्पू शॉवरमध्ये असतात. टूथब्रश आणि दाढीचं सामान बाहेर मांडलेलं नसेल तर काउंटरवर मागितल्यास बऱ्याच ठिकाणी मिळतं. स्वतःचं क्रीम किंवा जेल नेणार असाल तर जिथे १०० मिलिलिटरची मर्यादा आहे तिथे ती बिझनेसच्या प्रवाशालाही लागू आहे.

## टप्पा ५: वेळ उलटी मोजा

कागद घ्या. समजा विमान रात्री १०:०० ला सुटतंय.

गेट साधारण १५ ते २० मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे ९:४०. मोठ्या विमानाचं बोर्डिंग ५० मिनिटं आधी, ९:१० च्या सुमारास सुरू होतं. बिझनेसवाल्यांना रांगेत ताटकळावं लागत नाही, त्यामुळे ९:२० ला गेटवर असलात तरी चालतं. लाउंज ते गेट चालायला, मधे ट्रेन असेल तर तीही धरून, २० मिनिटं. म्हणजे लाउंज सोडायची वेळ ९:००.

आता दुसऱ्या टोकाकडून या. कंपनीचा मुख्य विमानतळ सोडला तर इतर विमानतळांवर अनेक कंपन्यांची चेक-इन काउंटरं विमानाच्या ३ तास आधीच उघडतात, म्हणजे ७:०० ला. बॅग देण्यात १५ ते २० मिनिटं, सुरक्षा आणि पासपोर्ट मिळून ४० मिनिटं. लाउंजच्या दारात पोहोचायला ८:००. हाती उरला एक तास.

हे गणित बहुतेकांनी मांडलेलंच नसतं. डोक्यात चार तासांचा आराम असतो आणि वाट्याला येतो एक तास, म्हणून सगळ्याचीच घाई होते. जास्त वेळ हवा असेल तर ऑनलाइन चेक-इन करून फक्त हातातल्या सामानानिशी निघा, किंवा काउंटर लवकर उघडतं का ते पाहा. मात्र फार लवकर जाण्यातही अर्थ नाही. डेल्टाच्या स्काय क्लबसह बरेच लाउंज विमान सुटण्याच्या ३ तासांपेक्षा आधी आत घेत नाहीत. मधल्या विमानतळावर विमान बदलणाऱ्यांना या अटीतून सहसा सूट असते.

एक अपवाद लक्षात ठेवा. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर टर्मिनल १, २ आणि ३ मध्ये सुरक्षा तपासणी प्रत्येक गेटच्या तोंडाशी होते. तिथे लाउंज तपासणीच्या अलीकडे येतो. त्यामुळे निघायच्या वेळेत आणखी २० मिनिटं धरा, आणि लाउंजमध्ये भरून घेतलेली पाण्याची बाटली गेटवर रिकामी करा.

तपासा: ‘लाउंज सोडायची वेळ’ फोनच्या अलार्ममध्ये घातली का? आत्ताच घाला. आत गेल्यावर हे होत नाही.

## टप्पा ६: दारावर

बोर्डिंग पास आणि असेल तर कार्ड हातात ठेवा. पास फोनवर असेल तर पडद्याचा उजेड वाढवा.

जोडविमानाच्या प्रवाशांना एक अडचण येते. पहिल्या विमानतळावर पुढच्या विमानाचा पास निघालेला नसतो आणि लाउंजला तोच हवा असतो. अशा वेळी लाउंजच्या दारात वाद घालण्यापेक्षा आधी ट्रान्सफर काउंटर गाठा आणि पास छापून घ्या.

लाल दिवा लागला तर आवाज चढवू नका. ‘माझ्या तिकिटाच्या अटींत लाउंज आहे, कृपया बुकिंग उघडून पाहाल का?’ एवढं म्हणा आणि स्क्रीनशॉट दाखवा. खूपदा कार्डाचा क्रमांक जोडलेला नसतो किंवा तुम्ही चुकीच्या लाउंजच्या दारात असता. दोन्ही गोष्टी मिनिटभरात सुटतात.

प्रवेश मिळाला की तिथून हलण्याआधी विचारा: शॉवर आहे का आणि आत्ता नंबर लागेल का? बोर्डिंगची घोषणा आत होते का? माझं गेट इथून किती मिनिटांवर आहे? वायफायचा पासवर्ड काय?

## टप्पा ७: पहिली दहा मिनिटं

आधी पोटोबा मग विठोबा हे घरी ठीक. लाउंजमध्ये आधी शॉवरचा नंबर, मग पोटोबा.

कारण साधं आहे. शॉवरच्या खोल्या मोजक्या असतात, आणि लांब पल्ल्याची विमानं एकाच सुमारास उतरली की सगळे तिकडेच धावतात. नाव नोंदवलं की काही ठिकाणी हातात तळहाताएवढं गोल यंत्र देतात. ते टेबलावर ठेवा, खिशात नको. नंबर आला की ते थरथरतं, त्यावरचे दिवे गोल फिरतात आणि टेबलावर कपबशीशेजारी असलं तर खडखड ऐकूही येते. जॅकेटच्या खिशात ठेवून डुलकी लागली, तर नंबर पुढच्या माणसाला जातो. एका माणसाला साधारण २० ते ३० मिनिटं मिळतात. आत शिरताना खोलीला कडी आहे ना, हे पाहा, आणि निघताना पासपोर्ट कपाटाच्या फळीवर राहिला नाही ना, हेही.

नंबर येईपर्यंत एक फेरी मारा. दाराजवळच्या खुर्च्या आधी भरतात. मागच्या बाजूला बहुधा शांत कोपरा आणि कधी कधी आडवं होण्यासाठी लांब खुर्च्या असतात. बसण्याआधी सॉकेट चालू आहे का, ते चार्जर लावून बघा. बॅग सोडून बुफेकडे जाताना पासपोर्ट आणि फोन बरोबर न्या.

## टप्पा ८: खाणंपिणं

इथे सगळ्यांना एकच सल्ला देता येत नाही. विमानाच्या वेळेवर सगळं ठरतं.

रात्रीचं सहा-सात तासांचं विमान असेल तर पोटभर लाउंजमध्येच जेवा आणि विमानात चढताच झोपा. विमानातलं जेवण सुरू होऊन ताटं उचलेपर्यंत सहज दीड-दोन तास जातात, आणि झोपेची खुर्ची ज्यासाठी घेतली तीच झोप त्यात जाते. चढताना ‘मला जेवायला उठवू नका’ असं सांगून ठेवा. दिवसाचं लांबचं विमान असेल तर उलट: लाउंजमध्ये हलकं खा.

बुफेवर थोडं थोडं घ्या, पुन्हा उठता येतं. पदार्थात काय आहे याची पाटी नसेल किंवा ॲलर्जी असेल तर अंदाज करू नका, स्वयंपाकघरातल्या माणसाला विचारा. काही मोठ्या लाउंजमध्ये टेबलावर बसून मागवायचीही सोय असते, पण ती बाजूच्या दालनात असल्यामुळे अनेकांच्या लक्षातच येत नाही. डबा भरून बाहेर नेऊ देत नाहीत.

दारू फुकट आहे म्हणून जास्त घेऊ नका. विमानात हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या डोंगराइतका असतो आणि हवा अतिशय कोरडी. जमिनीवर सहज पचलेला दुसरा पेला वर गेल्यावर डोकं धरायला लावतो, आणि धुंदीत दिसणाऱ्या प्रवाशाला विमानात चढू न देण्याचा अधिकार कंपनीला असतो.

## टप्पा ९: विमानाला उशीर झाला तर

लाउंजचा खरा उपयोग मला इथे वाटतो. विमान रद्द झालं की बाहेरच्या काउंटरवर दोनशे माणसांची रांग लागते, तर कंपनीच्या स्वतःच्या लाउंजमध्ये बहुधा तिकीट बदलून देणारा माणूस बसलेला असतो आणि समोर चार-पाच जणच असतात.

रांगेत उभं राहण्याआधी फोनवर दोन पर्यायी विमानं शोधून त्यांचे क्रमांक लिहून ठेवा. ‘काहीतरी करा’ म्हणण्यापेक्षा ‘या क्रमांकाच्या विमानात जागा आहे, त्यात बसवता का?’ हे विचारलं की काम लवकर होतं. अनेक कंपन्यांच्या मिळून असलेल्या लाउंजमध्ये मात्र हे होत नाही. तिथले कर्मचारी तुमच्या कंपनीचे नसतात. वेळ न घालवता बाहेरचं काउंटर गाठा.

## टप्पा १०: निघणं

खबरदारी: घोषणेची वाट पाहू नका. कित्येक लाउंजमध्ये बोर्डिंगची घोषणा होतच नाही.

अलार्म वाजला की उठा. पडद्यावर गेटचा क्रमांक पुन्हा पाहा, पासवर छापलेला क्रमांक बदललेला असू शकतो. मग खुर्चीच्या फटीत हात घालून पाहा. फोन, चष्मा आणि चार्जर तिथेच राहतात. पडद्यावर ‘उशीर’ असं दिसत असेल तरी विमानाचा गेटवर पत्ता आहे का, हे काउंटरवर विचारल्याशिवाय पुन्हा बसू नका. नवी वेळ अचानक अलीकडेही येते.

## उतरल्यावरचा लाउंज

काही मोजक्या विमानतळांवर उतरलेल्या प्रवाशांसाठीही लाउंज असतो. रात्रभर प्रवास करून सकाळी थेट कामावर जाणाऱ्यांना तो फार उपयोगी पडतो: आंघोळ, नाश्ता, काही ठिकाणी कपड्यांना इस्त्रीही. बहुधा तो लांब पल्ल्याच्या विमानाने आलेल्यांसाठीच असतो आणि दुपारपर्यंत बंद होतो. तो इमिग्रेशन आणि कस्टमच्या पलीकडे असतो, म्हणून आधी सामान घ्या, मग तिकडे वळा, कारण परत आत येता येत नाही. आणि उतरलेल्या विमानाचा बोर्डिंग पास खुर्चीच्या खिशात सोडून येऊ नका. दारावर तोच मागतात.